सोरायसिसचे मलम : किती, कुठे आणि किती दिवस

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या औषधबाजारात ‘गोवा पावडर’ नावाची पिवळट-तपकिरी भुकटी विकली जात असे. गजकर्णावर ती हटकून लागू पडते अशी तिची ख्याती होती. ती कशापासून बनते हे मात्र गिऱ्हाइकाला ठाऊक नसे. गोव्याहून यायची म्हणून गोवा पावडर, एवढेच. प्रत्यक्षात ती गोव्यात होतच नव्हती. ब्राझीलच्या बाहिया प्रांतात अरारोबा नावाचे झाड आहे. त्याच्या खोडातल्या फटींत ही भुकटी साचते, आणि झाड तोडणाऱ्यांचे डोळे व चेहरे तिच्या धुरळ्याने सुजतात. पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या वाटेने ती गोव्यात आली आणि तिथून मुंबईत. ही गोव्याची पावडर म्हणजे बाहियातला अरारोबाच, हे १८७०च्या दशकात तिथलेच डॉक्टर दा सिल्वा लीमा यांनी ओळखले. त्याच सुमारास, १८७६ साली, लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बालमानो स्क्वायर यांच्या ध्यानात आले की गजकर्णावरचे हे औषध सोरायसिसचे जाड चट्टेही सपाट करते. सोरायसिसवर खरोखर चालणारे हे पहिल्या काही मलमांपैकी एक.

पहिल्या महायुद्धात जर्मनीला ब्राझीलचा माल मिळेनासा झाला, तेव्हा तिथल्या रसायनतज्ज्ञांनी याच पावडरीतल्या द्रव्याचा कृत्रिम भाऊबंद तयार केला आणि १९१६ मध्ये तो सोरायसिसवर वापरात आला. तोच डिथ्रानॉल. पुढची कित्येक दशके युरोपातल्या रुग्णालयांत सोरायसिसचा उपचार म्हणजे डिथ्रानॉलचा लेप असे समीकरण होते. १९५३ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सच्या इन्ग्रॅम यांनी त्याला डांबरी स्नान आणि अतिनील किरणांची जोड दिली. औषध गुणकारी होते, पण चट्ट्याच्या कडेची निरोगी कातडी भाजून काढी आणि कपडे, चादरी, न्हाणीघराची फरशी जांभळट-तपकिरी करून ठेवी. मग ते अर्धा तास लावून धुऊन टाकण्याची पद्धत निघाली. आज ते क्वचितच लिहून दिले जाते.

हा इतिहास मुद्दाम आधी सांगितला, कारण त्यानंतर आलेल्या प्रत्येक मलमापुढे तेच प्रश्न उभे राहिले आहेत: किती लावायचे, कुठे लावायचे, किती दिवस लावायचे आणि थांबवायचे कसे. गेल्या दीडशे वर्षांत औषधे पुष्कळ सुधारली. आपल्याकडे ती बहुतेक गावांत मिळतात, त्यातली काही अतिशय स्वस्त आहेत. तरीही सोरायसिसचे रुग्ण वर्षानुवर्षे ट्यूबमागून ट्यूब संपवत राहतात आणि हाती काही लागत नाही. माझ्या मते याचे मुख्य कारण औषधाचा कमकुवतपणा नाही. औषध हातात पडते, ते वापरायचे कसे हे मात्र कोणी नीट सांगत नाही, हे कारण आहे.

आधी आजाराविषयी थोडक्यात. निरोगी कातडीतली पेशी तळाशी जन्मते, हळूहळू वर सरकते आणि सुमारे महिन्याभराने गळून पडते. सोरायसिसच्या चट्ट्यात हा प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो. पक्व न झालेल्या पेशी एकमेकींना चिकटून वर येतात आणि त्यांच्या चंदेरी खपल्या होतात. याचे मूळ कातडीत नसून शरीराच्या प्रतिकारयंत्रणेत आहे. ती विनाकारण चेतवली जाते आणि दाह निर्माण करणारी प्रथिने सोडत राहते. प्रवृत्ती अंशतः आनुवंशिक असते. घशाचा संसर्ग, मानसिक ताण, दारू, धूम्रपान, लिथियम किंवा मलेरियावरची काही औषधे, थंडीतली कोरडी हवा यांनी ती उफाळते. आजार संसर्गजन्य नाही. शेजारी बसल्याने, हात मिळवल्याने, एका ताटात जेवल्याने तो होत नाही. १८४१ मध्ये व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी सोरायसिस आणि महारोग हे दोन निराळे आजार आहेत हे पक्के दाखवले, तरी आजही चट्टे असलेल्या मुलीचे लग्न मोडते आणि खानावळीत वाढणाऱ्याला घरी पाठवले जाते. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने या आजारावर स्वतंत्र ठराव केला, त्यात या भेदभावाचाही उल्लेख आहे. भारतात झालेल्या वेगवेगळ्या पाहण्यांत त्याचे प्रमाण ०.४४ ते २.८ टक्के इतके आढळले आहे. अगदी कमीचा आकडा धरला तरी ही माणसे लाखांच्या घरात जातात.

मलम आजार मुळातून काढत नाही, ही गोष्ट पहिल्याच दिवशी रुग्णाला स्पष्ट सांगायला हवी. मलम चट्टा दाबते, खपली सैल करते, खाज आणि भेगांचे दुखणे कमी करते. अंगाचा थोडाच भाग बाधित असेल तर बहुतेक वेळा एवढ्यावर माणूस चांगला जगू शकतो. बहुसंख्य रुग्णांचा सोरायसिस सौम्य ते मध्यम असतो, म्हणजे त्यांचा मुख्य उपचार मलम हाच. ‘पुन्हा आला म्हणजे औषध फसले’ ही समजूत मात्र सोडावी लागते. रक्तदाबाची गोळी थांबवल्यावर दाब पुन्हा वाढला तर आपण गोळीला दोष देत नाही.

उपचाराचा पाया साधा आहे आणि म्हणूनच दुर्लक्षित आहे: कातडी मऊ ठेवणे. साधे व्हॅसलिन, लिक्विड पॅराफिन, युरियाचे क्रीम, खोबरेल तेल, यातले जे परवडेल आणि आवडेल ते दिवसातून दोन-तीनदा लावावे. आंघोळीनंतर अंग टिपून घ्यावे आणि ओल असतानाच ते चोळावे. यामुळे खपली सुटते, खाज उतरते आणि पुढचे औषध आत शिरते. मराठवाडा-विदर्भातल्या कोरड्या थंडीत याची किंमत विशेष कळते. जाड खपली असेल तर ३ ते ६ टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड घातलेले मलम मदत करते. लहान मुलांना किंवा अंगभर मात्र ते लावू नये, कारण ते रक्तात शोषले जाते. खपली वज्रीने किंवा नखाने खरवडणे हा मोठा घात आहे. सोरायसिसमध्ये जिथे कातडीला इजा होते तिथे नवा चट्टा उठू शकतो. १८७०च्या दशकात हाइनरिश कोबनर यांनी हे नोंदवले. घट्ट बांधलेला परकराचा नाडा, पट्टा, चपलेचा अंगठा, ओझ्याची घासलेली दोरी, या सगळ्यांखाली म्हणूनच चट्टे हट्टाने टिकतात.

एक धोक्याची सूचना इथेच. मेणचट पॅराफिनने भिजलेला कपडा वाळल्यावरही पटकन पेट घेतो. ब्रिटनच्या औषधनियंत्रक संस्थेने २०१८ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. चुलीपाशी, गॅसपाशी, देवघरातल्या निरांजनापाशी वावरणाऱ्यांनी पदर आणि बाह्या सांभाळाव्यात. ते कपडे गरम पाण्याने धुतले तरी सगळा अंश जातोच असे नाही.

आता स्टेरॉइडची मलमे. या सगळ्या कथेचा नायक आणि खलनायक दोन्ही तीच. १९५२ मध्ये अमेरिकेत मॅरियन सल्झबर्गर आणि व्हिक्टर विटेन यांनी हायड्रोकॉर्टिसोन कातडीवर लावून चालते हे दाखवले आणि त्वचारोगांचे चित्र पालटले. इसबाला ते उत्तम, सोरायसिसच्या जाड चट्ट्याला मात्र कमी पडले. मग अधिक तिखट रेणू बनू लागले. १९६२ मध्ये मॅकेन्झी आणि स्टौटन यांनी त्यांची ताकद मोजण्याची युक्ती काढली. स्टेरॉइड लावल्यावर कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि ती जागा फिकट पडते. जितकी फिकट, तितके औषध जोरकस. हायड्रोकॉर्टिसोनसारख्या सौम्य औषधापासून क्लोबेटासॉलसारख्या जहाल औषधापर्यंत आजची उतरंड बऱ्याच अंशी या मोजणीवर उभी आहे.

ताकद फक्त रेणूत नसते, जागेतही असते. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मायबाख यांनी एकच हायड्रोकॉर्टिसोन शरीरावर वेगवेगळ्या जागी लावून किती शोषले जाते ते मोजले. कोपर ते मनगट या भागातल्या आतल्या बाजूच्या कातडीला एक धरले तर कपाळावर सहा पट, जबड्यावर तेरा पट आणि वृषणाच्या कातडीवर बेचाळीस पट शोषण झाले, तळपायावर मात्र सातव्या हिश्शाइतकेच. म्हणून कोपरासाठी दिलेली क्लोबेटासॉलची ट्यूब जांघेत, काखेत, स्तनांखाली किंवा चेहऱ्यावर लावणे म्हणजे तेच औषध अनेक पटींनी वापरणे होय. आणि तळपायाच्या जाड चट्ट्याला सौम्य मलम लावणे म्हणजे जवळजवळ काहीच न लावणे.

क्लोबेटासॉलची मर्यादा ठरलेली आहे: सलग दोन आठवडे आणि आठवड्याला ५० ग्रॅमपेक्षा जास्त नाही. ब्रिटनचे २०१२चे राष्ट्रीय मार्गदर्शन थोडी अधिक सूट देते: त्यानुसार अतिजहाल स्टेरॉइड एका जागी सलग चार आठवड्यांहून अधिक आणि जहाल स्टेरॉइड आठ आठवड्यांहून अधिक चालवू नये, आणि दोन फेऱ्यांमध्ये चार आठवड्यांची विश्रांती असावी. ती विश्रांती म्हणजे उपचार बंद नव्हे. त्या काळात स्टेरॉइडविरहित औषधे आणि मऊ ठेवणारी मलमे चालू राहतात. मर्यादा ओलांडली तर कातडी कागदासारखी पातळ होते, लाल बारीक शिरा दिसू लागतात, जांघेत आणि काखेत कायमचे पांढरट चरे पडतात. मोठ्या भागावर महिनोन्‌महिने लावले तर शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनवणारी यंत्रणा मंदावते. आणि एकदम थांबवले तर चट्टे आधीपेक्षा जोमाने उसळतात. क्वचित पूचे बारीक फोड अंगभर उठणारा धोकादायक प्रकार सुरू होतो. म्हणून जहाल मलम थांबवताना आधी दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, असे उतरत जाणे शहाणपणाचे. हे डॉक्टर एका वाक्यात सांगू शकतात. बहुतेक चिठ्ठ्यांवर ते वाक्य नसते.

आपल्याकडे तर पुष्कळदा चिठ्ठीच नसते. मेडिकलच्या काउंटरवर अंग दाखवायचे आणि ट्यूब घ्यायची. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ जणांपैकी ४३३ जण स्टेरॉइड मलम वापरत असल्याचे आढळले, आणि त्यातल्या सुमारे ५९ टक्के लोकांना ते डॉक्टर नसलेल्या कोणीतरी सुचवले होते. पुष्कळांनी गोरे होण्यासाठी लावले होते. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने याविरुद्ध कृतिदल नेमले, पाठपुरावा केला. २०१८च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बंदी घातलेल्या ३२८ मिश्र औषधांत स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र कालवलेली मलमेही होती. कायदा आला, पण काउंटर बदलला असे म्हणवत नाही. सोरायसिसच्या रुग्णाला अशा मिश्र ट्यूबचा काही उपयोग नाही. त्यातले स्टेरॉइड चार दिवस आराम देते, बाकीची दोन औषधे विनाकारण अंगावर जातात. उलटही घडते: गजकर्णाला सोरायसिस समजून स्टेरॉइड लावले तर वरची लाली जाते आणि बुरशी आत पसरत राहते. गोल, कडा उठलेला, मध्ये निवळत जाणारा चट्टा असेल तर आधी खरवड तपासून घ्यावी.

या गैरवापरामुळे दुसरे टोकही तयार झाले आहे. ‘स्टेरॉइड’ हा शब्द ऐकताच रुग्ण ट्यूब फेकून देतात. तेही नुकसानच. योग्य जागी, योग्य मुदतीत वापरलेले स्टेरॉइड मलम हे सोरायसिसवरचे सर्वांत भरवशाचे पहिले औषध आहे. २०१३च्या कॉक्रेन आढाव्यात १७७ चाचण्या आणि ३४,८०८ रुग्ण एकत्र अभ्यासले गेले. अंगावरच्या चट्ट्यांवर जहाल स्टेरॉइड आणि ड जीवनसत्त्वाची मलमे साधारण सारखी उतरली, डोक्यावर स्टेरॉइड सरस ठरले, आणि दोन्ही मिळून वापरल्यास एकेकट्यापेक्षा अधिक गुण आला.

ड जीवनसत्त्वाच्या मलमाचा शोधही अपघातानेच लागला. १९८५ मध्ये जपानमधल्या ओसाका इथे हाडे ठिसूळ झालेल्या एका रुग्णाला ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप पोटात दिले, आणि त्याचा जुना सोरायसिस निवळला. मोरिमोतो आणि कुमाहारा यांनी ही गोष्ट वाऱ्यावर सोडली नाही, तिचा माग काढला. त्यातून कॅल्सिपोट्रिऑल हे मलम पुढे आले. ते पेशींची अनिर्बंध वाढ रोखते, कातडी पातळ करत नाही आणि महिनोन्‌महिने चालवता येते. त्याचा गुण मात्र धीम्या गतीने येतो. चार ते आठ आठवडे थांबण्याची तयारी हवी. सुरुवातीला झोंबते, चेहऱ्यावर विशेष. मोठ्यांनी आठवड्याला १०० ग्रॅमची मर्यादा पाळावी, नाहीतर रक्तातले कॅल्शियम वाढू शकते. सॅलिसिलिक अ‍ॅसिडबरोबर ते कधीही एकत्र लावू नये, आम्लाने ते निकामी होते. हा तपशील ठाऊक नसल्याने दोन्ही एकावर एक लावणारे पुष्कळ रुग्ण महागडे औषध फुकट घालवतात.

ब्रिटनच्या त्याच मार्गदर्शनात सुरुवातीचा उपचार असा सुचवला आहे: जहाल स्टेरॉइड एकदा आणि ड जीवनसत्त्वाचे मलम एकदा, एक सकाळी आणि एक संध्याकाळी, चार आठवड्यांपर्यंत. दोन्ही एकाच ट्यूबमध्ये मिळणारे मिश्रणही आहे, ते दिवसातून एकदाच लावायचे असल्याने लोक ते अधिक नेटाने लावतात. या मिश्रणाचा फेस चट्टे निवळल्यावरही आठवड्यातून दोनदा वर्षभर लावत राहिल्यास आजार उशिरा उलटतो, असे अलीकडच्या मोठ्या चाचणीत दिसले. माझ्या दृष्टीने गेल्या दशकातला हा सर्वांत उपयोगी धडा आहे. आपली सवय उलटी आहे: चट्टा दिसला की दिवसातून चारदा, गेला की सगळे बंद.

कोलटारची, म्हणजे दगडी कोळशाच्या डांबराची, गोष्ट थोडी वेगळी. १९२५ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या विल्यम गोकरमन यांनी डांबर आणि अतिनील किरण यांचा एकत्र उपचार सुरू केला. वास आणि डाग यांमुळे डांबर मागे पडले. त्याने कर्करोग होतो का ही शंका कायम होती. नेदरलँड्समध्ये १३,२०० सोरायसिस व इसबाच्या रुग्णांचा मागोवा घेतला तेव्हा धोका वाढलेला आढळला नाही. डांबर काम कसे करते हे मात्र अनेक दशकांनी उलगडले. पेशीतल्या एका विशिष्ट ग्राहीला ते चेतवते आणि कातडीचा बिघडलेला बांध दुरुस्त होतो. त्याच ग्राहीवर बसणारे टॅपिनारॉफ हे क्रीम मे २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. त्याचा मूळ रेणू जमिनीतल्या सूत्रकृमींबरोबर राहणाऱ्या एका जिवाणूतून मिळाला. हे क्रीम थांबवल्यावरही सरासरी सुमारे चार महिने चट्टे परत आले नाहीत, असे चाचणीत दिसले. दोन महिन्यांनी, जुलै २०२२ मध्ये, रोफ्लुमिलास्टचे क्रीम मंजूर झाले. हे औषध आधी फुप्फुसाच्या जुनाट आजारासाठी पोटात दिले जात होते. दोन्हींत स्टेरॉइड नाही आणि दोन्ही चेहरा, काख, जांघ अशा नाजूक जागी चालतात, हे त्यांचे खरे मोल. अमेरिकेतली त्यांची किंमत मात्र डोळे पांढरे करणारी आहे. ती आवाक्यात येईपर्यंत आपल्याकडे नाजूक जागांसाठी टॅक्रोलिमसचे मलम किंवा थोड्या मुदतीचे सौम्य स्टेरॉइड हाच व्यवहार्य मार्ग. टॅझारोटीन नावाचे आणखी एक मलम आहे. गरोदर किंवा गर्भधारणेच्या विचारात असलेल्या बाईने ते हातात धरू नये.

आता प्रमाण. हा भाग रुक्ष वाटेल, पण बहुतेक अपयश इथेच दडलेले असते. कार्डिफच्या लाँग आणि फिन्ले यांनी १९९१ मध्ये एक सोपे माप दिले: ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढायची. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसह दोन तळहातांइतक्या कातडीला पुरते. एक तळहात म्हणजे अंगाचा जवळजवळ एक टक्का. समजा कोपर, गुडघे आणि पाठ मिळून पाच तळहात जागा बाधित आहे. एका वेळेला सव्वा ग्रॅम, दोन वेळा लावले तर दिवसाला अडीच ग्रॅम. आपल्याकडची नेहमीची १५ ग्रॅमची ट्यूब सहा दिवसांत संपायला हवी. ती ट्यूब तुम्हाला महिनाभर पुरत असेल, तर तुम्ही औषधाचा पाचवा हिस्सा लावत आहात आणि गुण येत नाही म्हणून औषध बदलत आहात. डॉक्टरांनीही ‘एक ट्यूब’ न लिहिता ग्रॅम लिहावेत.

औषधाचा घाटही महत्त्वाचा. मेणचट मलम जाड, कोरड्या चट्ट्याला उत्तम. पण मुंबई-कोकणच्या दमट हवेत ते दिवसा कोणी लावत नाही. दिवसा क्रीम, रात्री मलम, असा समझोता करावा. डोक्याला मलम चोळून केस चिकटवण्यात अर्थ नाही. तिथे लोशन किंवा जेल हवे, आणि केसांचे भांग पाडत ते कातडीवर पोचवायला हवे. आदल्या रात्री खोबरेल तेलाने खपली मऊ करून सकाळी डांबराच्या शांपूने धुणे ही चांगली सवय. डोक्यातल्या सोरायसिसला कोंडा समजून कितीदा तरी वर्षे काढली जातात. तळहात-तळपायाच्या भेगाळ चट्ट्यांवर रात्री मलम लावून वर प्लास्टिक गुंडाळले तर औषध कितीतरी जोराने आत जाते. हा जोर वाढतो म्हणूनच ते डॉक्टरांना विचारून आणि थोडे दिवसच करावे. नखांवर मलमाचा उपयोग फार मर्यादित आहे.

पाश्चात्त्य पुस्तकांतली छायाचित्रे पाहून आपल्याकडे एक गोंधळ होतो. गोऱ्या कातडीवर चट्टा लाल दिसतो, सावळ्या कातडीवर तो जांभळट, राखाडी किंवा तपकिरी दिसतो. निवळल्यावर जागा काळी किंवा फिकट राहते आणि ती पूर्ववत व्हायला महिने लागतात. रुग्णाला वाटते आजार अजून आहे, आणि तो त्या काळ्या डागावर जहाल स्टेरॉइड घासत राहतो. तो डाग आजार नाही. डोळे मिटून बोट फिरवा: कातडी सपाट आणि गुळगुळीत लागली, खपली नसली, तर तिथले काम झाले. आता रोजचे औषध कमी करायचे.

देशी उपायांबद्दल दोन्ही बाजूंनी घाईचे निकाल ऐकू येतात. नीळ ज्या वनस्पतींतून निघते त्यांच्यापासून बनवलेल्या मलमावर तैवानमध्ये चांगल्या चाचण्या झाल्या आहेत, आणि त्यातही त्याच डांबराच्या ग्राहीवर बसणारी द्रव्ये आहेत. तमिळनाडूच्या सिद्ध वैद्यकात काळ्या कुड्याची पाने खोबरेल तेलात उन्हात मुरवून केलेले तेल सोरायसिसवर वापरतात. त्यावरचा अभ्यास अजून तोकडा आहे, पण ते अंग मऊ ठेवते यात शंका नाही. करंजाचे तेलही लोक लावतात. बावचीबाबत मात्र सावध राहावे. तिच्यातली द्रव्ये कातडीला प्रकाशसंवेदनशील करतात. त्याच जातीच्या औषधावर १९७४ पासूनचा अतिनील किरणांचा एक प्रभावी उपचार उभा आहे, पण तो मोजून-मापून दिला जातो. घरी बावची लावून उन्हात बसलेल्यांची कातडी भाजून फोड येतात. आणि ज्या ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ डबीवर घटकांची नावे नाहीत आणि जी चार दिवसांत चट्टा साफ करते, तिच्यावर संशय घ्यावा. ब्रिटनमध्ये वनौषधी म्हणून विकलेल्या अशा क्रीममध्ये क्लोबेटासॉल सापडले आहे.

मलमाची हद्द कुठे संपते हेही ओळखायला हवे. अंगाच्या दहा टक्क्यांहून अधिक भाग व्यापला असेल, कमी असला तरी चेहरा, गुप्तांग, तळहात इतके ग्रासले असतील की काम थांबते, किंवा सांधे सकाळी आखडत असतील, बोट सुजत असेल, टाच दुखत असेल, तर फक्त मलमावर राहू नये. सोरायसिसच्या रुग्णांत सांध्यांचा आजार सुमारे ३० टक्क्यांपर्यंत आढळतो, आणि मलमाने तो तसूभरही थांबत नाही. दुर्लक्ष केले तर सांधा कायमचा वाकडा होतो. अशा वेळी अतिनील किरणांचा उपचार, मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्या, नवी जैविक इंजेक्शने असे मार्ग आहेत. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो. तिथे जावे. पोटातले किंवा इंजेक्शनचे स्टेरॉइड कोणी सहज देत असेल तर नकार द्यावा. ते थांबवल्यावर येणारी उसळी जीवघेणी ठरू शकते.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना एक विनंती. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना कपाटातल्या, उशाखालच्या, अर्धवट पिळलेल्या सगळ्या ट्यूब आणि डब्या एका पिशवीत घालून सोबत न्या. प्रत्येकीबद्दल विचारा: ही कुठे लावायची, एका वेळेला बोटाची किती पेरे, किती आठवडे, आणि थांबवताना कशी उतरवायची. उत्तरे ट्यूबच्या खोक्यावर लिहून घ्या. ज्या ट्यूबबद्दल उत्तर मिळणार नाही, ती वापरू नका.